जुन्या वस्तीवरचा शेरा

निर्मला चौधरी सेक्टर सुपरवायझर झाली तेव्हा तिच्या हाताखाली सव्वीस अंगणवाड्या आल्या, आणि त्या सव्वीसही ठिकाणी तिच्या स्कूटीचा आवाज ओळखीचा व्हायला फार दिवस लागले नाहीत. निंबोल्याच्या फाट्यावर कुणाला ती दिसली की पुढच्या गावात फोन जायचा, "चौधरी मॅडम निघाल्या." मग चटया झटकल्या जायच्या, वजनकाटा बाहेर यायचा, पोरांची नाकं पुसली जायची. निर्मलाला हे ठाऊक होतं आणि त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. ती स्वतः चौदा वर्षं खकनारकडच्या एका गावात अंगणवाडी कार्यकर्ती होती, विभागाची परीक्षा देऊन वर आलेली. कामचुकारपणा कुठे लपून बसतो ते आपल्याला आतून माहीत आहे, अशी तिची समजूत होती.

तिची रजिस्टरं जिल्ह्यात नावाजलेली होती. खाडाखोड नाही, रिकामा रकाना नाही. वरच्या बैठकीत तिच्या सेक्टरची फाईल इतरांना उघडून दाखवत. नवरा नंदकुमार शहरातल्या मराठी शाळेत मास्तर. तो थट्टेनं म्हणायचा, "तुझ्या सेक्टरमध्ये पोरं कमी पडली तरी चालेल, रकाने कमी पडता कामा नयेत." ती हसायची आणि पुन्हा लिहायला बसायची.

भागाबाईचं प्रकरण घडलं ते सात वर्षांपूर्वी.

निंबोल्याच्या पलीकडे नदीच्या अंगाला एक जुनी वस्ती आहे. तिथल्या केंद्रावर भागाबाई कार्यकर्ती होती. पन्नाशीची, आठवी शिकलेली, कार्यालयात चालणाऱ्या हिंदीत चार ओळी लिहायच्या तर घाम फुटायचा अशी. निर्मला पहिल्यांदा गेली तेव्हा साडेदहाला केंद्राला कुलूप. पंधरा दिवसांनी दुसऱ्यांदा गेली, तेव्हाही कुलूप. दोन्ही वेळा तिनं फॉर्मवर लिहिलं, केंद्र बंद. तिसऱ्या वेळी कुलूप बघून ती परत फिरणार, तेवढ्यात ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हाक मारून सांगितलं, "ताई, सगळे केळीत गेले. तिकडे, विहिरीपाशी."

निर्मला बांधाबांधानं चालत गेली. बागेत माल भरणं चालू होतं. बाया घड वाहत होत्या, ट्रक उभा होता. विहिरीजवळच्या चिंचेखाली जुन्या गोणपाटांवर पोरं बसली होती. तिनं सवयीनं मोजली. एकोणीस. भागाबाईनं केळीच्या पानांचे दांडे कापून त्यांचे तुकडे केले होते आणि पोरं ते लहान-मोठे लावत होती. एक मुलगी प्रत्येक तुकड्याला घरातल्या माणसाचं नाव देत होती, हा बाबा, ही माय, हा तान्हा. सहायिका आशाबाई खिचडीचं पातेलं डोक्यावरून इथवर घेऊन आली होती. दोन आया मधेच येऊन आपल्या पोरांना पाणी पाजून गेल्या.

भागाबाई उठून उभी राहिली. हात चिकानं काळे झालेले.

"मॅडम, माल भरनं लागलं ना, की माया सकाळीच इथी येतात. माया इथी तर पोरं बी इथी. तिथी खोलीत मी एकटीच बसून काय करू?"

निर्मला म्हणाली, "बरं."

एवढंच बोलून ती परत निघाली. संध्याकाळी घरी टेबलावर फॉर्म पुढे घेतला आणि तिचा हात थांबला. फॉर्मवर दोनच खुणा होत्या, केंद्र उघडं किंवा केंद्र बंद. बंद केंद्रांची यादी वरून मागितलेली होती. आधीच्या दोन भेटींत आपण बंद लिहिलंय, आता उघडं लिहिलं तर तेव्हा नीट का पाहिलं नाही, असं कुणी विचारेल. शिवाय परवानगीशिवाय केंद्र दुसरीकडे भरवता येत नाही, हाही नियमच. तिनं लिहिलं, "तिसऱ्या भेटीतही केंद्र बंद आढळले. कार्यकर्ती केंद्रावर उपस्थित नव्हती." त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

भागाबाईला नोटीस गेली. तिनं कुणाकडून तरी दोन ओळींचं उत्तर लिहवून आणलं. ते समाधानकारक नाही असा शेरा पुन्हा निर्मलाच्याच हातचा होता. तीन महिन्यांत भागाबाईची सेवा संपली. पुढच्या बैठकीत साहेबांनी निर्मलाचं नाव घेऊन सांगितलं, सुपरवायझर असावी तर अशी. निर्मलानं मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

जुन्या वस्तीवर मग भूमिका नावाची मुलगी लागली. बारावी झालेली, मोबाईलवर चपळ, रजिस्टर टापटीप. निर्मला तिचं उदाहरण सगळ्यांना देऊ लागली.

गेल्या वर्षी निर्मलाला एक पत्र आलं. बालशिक्षणात नेतृत्व करणाऱ्यांसाठी दहा महिन्यांचं प्रशिक्षण, दर दोन महिन्यांनी तीन दिवस, मधल्या काळात आपापल्या सेक्टरमध्ये करायचं काम. तीन जिल्ह्यांतून तीस सुपरवायझर निवडल्या होत्या. निर्मला त्रेपन्न वर्षांची होती. आजवर तिनं पंचवीस तरी प्रशिक्षणं पाहिली होती. सकाळी सही, दुपारी जेवण, संध्याकाळी फोटो. हेही तसंच असणार, असं धरून ती शहरातल्या लालबाग भागात धर्मशाळेच्या हॉलमध्ये जाऊन बसली.

शिकवायला तेजस्विनी नावाची बाई आली होती. तिशीची असेल. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "तुम्ही घेतलेला असा एखादा निर्णय सांगा, जो आज परत फिरवावासा वाटतो."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मग एकीनं सांगितलं, मी रागावून बोलते. दुसरी म्हणाली, मी बैठक फार लांबवते. निर्मलाची पाळी आली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे चिंचेखालचे गोणपाट आले. ती म्हणाली, "मी कुणाला रजा लवकर देत नाही." सगळ्या हसल्या. तीही हसली.

जाताना तेजस्विनीनं काम दिलं. आपल्या सेक्टरमधल्या एका केंद्रावर जायचं, एक मूल निवडायचं, आणि तासभर ते काय करतं तेवढंच लिहायचं. चांगलं-वाईट लिहायचं नाही, रकाने आखायचे नाहीत.

निर्मलानं सगळ्यात चांगलं केंद्र निवडलं, म्हणजे भूमिकाचं. न कळवता गेली. सात मुलं होती. लीला नावाची एक चार वर्षांची मुलगी, आजीचं नाव ठेवलेली, भिंतीला टेकून बसली होती. निर्मलानं तिला निवडलं आणि लिहायला सुरुवात केली. दहा वाजून दहा मिनिटं, लीला दाराकडे बघते. दहा पंचवीस, ताई डाळिंबाचं कार्ड दाखवते, सगळे "अनार" म्हणतात, लीला ओठ हलवते, आवाज येत नाही. दहा चाळीस, लीला दाराकडे बघते. दहा पन्नास, शेजारच्या मुलानं तिची चप्पल घेतली, ती काही बोलली नाही. अकराला पाच कमी, लीला दाराकडे बघते.

तासभरात भूमिकानं लीलाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ती मधूनमधून मोबाईलमध्ये हजेरी भरत होती, पोषणाचं पान पुरं करत होती, आणि एक डोळा मॅडमकडे ठेवत होती.

"ही मुलगी दाराकडे का बघते गं?" निर्मलानं विचारलं.

भूमिका गोंधळली. "पता नही मॅडम. म्हणजे, रोजच बघते. पण तिची हजेरी पूर्ण है, वजन बी बरोबर है. दाखवू का?"

आशाबाई भांडी आवरत होती. ती तिथूनच म्हणाली, "मायची वाट पाह्यते. घरी लय बोलते ती. इथी नाई बोलत."

"आणि बाकीची मुलं? पटावर एकोणीस आहेत ना?"

भूमिकानं मोबाईल हातात घेतला. आशाबाईच बोलली. "बागेत हायेत, मॅडम. मायांसंग. माल भरनं चालू है ना."

निर्मलानं वही मिटली. बाहेर येऊन ती बराच वेळ स्कूटीजवळ उभी राहिली. भूमिका दारातून बघत होती. तिला वाटलं, मॅडम रागावल्या. खरं म्हणजे निर्मलाला त्या पोरीत स्वतःचीच करणी दिसली होती. रजिस्टर दाखवायला उत्सुक आणि समोरच्या मुलाबद्दल काहीच माहीत नसलेली ही कार्यकर्ती तिनंच घडवली होती, सहा वर्षं शाबासकी देऊन.

दुसऱ्या सत्रात प्रत्येकीनं आपलं लिखाण वाचून दाखवलं. निर्मलानं वाचलं. लीला दाराकडे बघते, हे वाक्य तिसऱ्यांदा आलं तेव्हा ती वाचायची थांबली. तेजस्विनीनं विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"काही नाही," निर्मला म्हणाली. आणि मग थांबता आलं नाही. तिनं तीस जणींसमोर भागाबाईची सगळी हकीकत सांगितली. कुलूप, चिंच, एकोणीस मुलं, आपलं ते "बरं", आणि नंतरचा शेरा. "मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि बंद लिहिलं."

शेजारच्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तेजस्विनीनं मात्र समजूत घातली नाही. ती हळूच म्हणाली, "ताई, हे ऐकायला मी योग्य माणूस नाही."

घरी नंदकुमारला सांगितलं, तेव्हा तो आधी वैतागला. "निवृत्तीला नऊ वर्षं राहिली. जुनं कशाला उकरतेस? त्या बाईला नोकरी परत मिळणार आहे का?"

"नाही मिळणार. वय निघून गेलं तिचं."

"मग?"

"मग काही नाही. जाऊन येते."

भागाबाईचं घर वस्तीच्या टोकाला. ती अंगणात कापसाच्या पऱ्हाट्या मोडून चुलीजोगत्या करत होती. केस पांढरे झाले होते. निर्मलाला तिनं ओळखलं, पण उठली नाही. तिचा नवरा भिकन खाटेवर होता, तो उठून घरात निघून गेला.

निर्मला जमिनीवरच बसली. येताना मनात जुळवलेलं सगळं विसरून गेली होती. "भागाबाई, माझी चूक झाली," ती म्हणाली. "मी तुमचं काम पाहिलं होतं आणि खोटं लिहिलं."

भागाबाई पऱ्हाटी मोडत राहिली. मोडता मोडता म्हणाली, "तुम्ही पाह्यलं ना, त्या दिवशी मी घरी येऊन आमच्या मानसाले सांगितलं. म्हटलं, आता काही भेव नाई. मॅडमनं सोता पाह्यलं. मॅडम 'बरं' म्हने. मी त्या दिवशी शिरा केल्ता."

निर्मलानं पुढ्यात पडलेली एक काडी उचलली.

"नोकरी गेली त्याचं मी काही म्हनत नाई. नोकऱ्या जातात. पन गावात काय झालं, ते तुमाले माहीत है का?"

"नाही."

"लोक म्हने, भागाबाईनं पोरायचं राशन इकलं, म्हनून काढलं. उगीच कोन काढतं, म्हने. बारा वरसं ज्या पोरायले मी घास भरवला, त्याह्यच्या माया मले पाहून पदर सावरून जायच्या. आशाबाईले खरं माहीत व्हतं. ती भेली, तिची बी नोकरी व्हती. मी कोनाकोनाले सांगत फिरू?" ती पहिल्यांदा निर्मलाकडे वळली. "मले तुमची माफी घरात बसून नको, मॅडम. इथी कोन आयकतं? द्यायची असंल तर चारचौघीत द्या."

हे निर्मलाच्या स्वप्नातही नव्हतं. तिला वाटत आलं होतं की आपण एका बाईचं काम घालवलं. त्या बाईचं नाव गेलं हे तिला सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलंही नव्हतं.

तिनं आधी पत्र लिहिलं. अमुक तारखेच्या भेटीत केंद्र बागेत भरलेलं होतं, एकोणीस मुलं हजर होती, पोषण आहार तिथे वाटला जात होता, ही माहिती मी अहवालात दिली नाही, सदर कार्यकर्तीविरुद्ध राशनाबाबत कोणतीही तक्रार कधीही नव्हती. मसुदा टेबलावर ठेवून ती स्वयंपाकाला गेली. परत आली तेव्हा नंदकुमार चष्मा लावून तो वाचत होता. त्यानं हिंदीतल्या दोन चुका लाल पेननं दुरुस्त केल्या, कागद तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "आता बरोबर आहे. टाक."

कार्यालयात आता साहेब नवीन होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "मॅडम, ही फाईल कधीच बंद झाली. यातून त्या बाईला काही मिळणार नाही, आणि तुमचं नुकसान होईल. परत घेता का?"

"नाही, सर."

महिन्याभरात निर्मलाकडूनच खुलासा मागितला गेला. तिनं दिला. तिच्या सेवापुस्तकात ताकीद नोंदली गेली, आणि वरच्या जागेसाठी तिचं नाव ज्या यादीत होतं त्या यादीतून ते निघालं. तिनं त्यावर अर्ज केला नाही.

वस्तीवरच्या बायांसमोर बोलायचा दिवस त्याआधीच येऊन गेला होता. मंगळवारी केंद्रात गरोदर बायांचा कार्यक्रम असतो. निर्मलानं तो त्या वेळी केंद्रात न ठेवता बागेतल्या माल भरायच्या मांडवात ठेवला, म्हणजे कामावरच्या बायाही येतील. चाळीसेक बाया जमल्या. भागाबाई सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून बसली. भूमिका आणि आशाबाई पुढे.

निर्मला उभी राहिली. बैठकांत तासन् तास बोलणारी बाई आज कागदावर लिहून घेऊन आली होती. तिनं तो घडी करून पिशवीत ठेवला आणि सरळ सांगितलं. भागाबाईनं राशन विकलं नव्हतं. तिच्यावर तसा आरोप कधीच नव्हता. ती तुमची पोरं इथे बागेत सांभाळत होती, मी येऊन पाहून गेले होते, आणि तरी केंद्र बंद लिहिलं. तिची नोकरी माझ्या लिहिण्यानं गेली.

मधून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "मंग सहा वरसं काय झोपल्या व्हत्या का?"

कुणी हसलं नाही. निर्मला उभी होती तशीच उभी राहिली. मग आशाबाई उठली आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "मले बी माहीत व्हतं. मी बी बोलली नाई." ती रडायला लागली. भागाबाई उठून निघाली. निर्मलाला वाटलं ती थांबेल, काही बोलेल. ती थांबली नाही. बांधावरून घरी चालत गेली, आणि तिच्यामागे दोन बाया लगबगीनं गेल्या.

निर्मलानं पुढे भागाबाईला सेक्टरच्या बैठकीत येऊन इतर कार्यकर्तींना काही सांगाल का म्हणून निरोप धाडला. उत्तर आलं, नाही. दुसऱ्यांदा धाडला नाही. पण एक दिवस भूमिकाच आपणहून भागाबाईच्या घरी गेली. पहिल्या दिवशी तिला दारातूनच परत पाठवलं गेलं. चौथ्या दिवशी भागाबाई म्हणाली, "लीला बोलत नाई म्हनते ना? तिले तुझं अनार काय करायचं है? तिच्या घरात कोंबड्या हायेत. कोंबड्यायचं विचार." भूमिकानं कोंबड्यांचं विचारलं. लीलानं पाच कोंबड्यांची नावं सांगितली आणि कोणती अंडं कुठे लपवते तेही सांगितलं. भूमिकानं निर्मलाला भरदुपारी फोन केला. "मॅडम, बोली वो! लीला बोली!" निर्मला तेव्हा चांदनीच्या केंद्रावर होती. फोन ठेवून तिनं समोरच्या कार्यकर्तीलाही ते सांगितलं.

माल भरण्याच्या दिवसांत केंद्र बागेत भरवायची परवानगी तिनं मागितली. लेखी मिळाली नाही, तोंडी मिळाली. महिन्याच्या बैठकीत आता पहिला तास रजिस्टरं बंद असतात. प्रत्येकीनं एका मुलाबद्दल सांगायचं. सगळं काही एकदम सुधारलं असं झालं नाही. काही जणी कंटाळतात, काही जणी गोष्टी रचून आणतात, आणि निर्मलाला ते ओळखू येतं. पूर्वी ती फाडकन बोलली असती. आता विचारते, "त्या मुलाला शेवटचं केव्हा पाहिलंस?" आणि वाट बघते. तिच्या सेक्टरची फाईल हल्ली वरच्या बैठकीत कुणी दाखवत नाही. तिला याचं वाईट वाटतं. नंदकुमारजवळ तिनं एकदा तसं कबूलही केलं.

प्रशिक्षण संपलं. या वर्षी जिल्ह्यात तीन नव्या सुपरवायझर लागल्या, त्यातल्या तृप्तीला महिनाभर निर्मलासोबत फिरायला सांगितलं. सव्वीस वर्षांची मुलगी, नव्या वहीवर झाकण लावलेलं पेन घेऊन आलेली. निर्मला तिला पहिल्याच दिवशी जुन्या वस्तीवर घेऊन गेली. वाटेत नदीच्या चढावर स्कूटी उभी करून तिनं भागाबाईची हकीकत सांगितली, नाव घेऊन, काही न गाळता.

तृप्ती ऐकत राहिली. मग चाचरत म्हणाली, "मॅडम, त्या आता बोलतात का तुमच्याशी?"

"कामापुरतं," निर्मला म्हणाली. "परवा पाणी विचारलं."

खाली बागेत ट्रक लागलेला होता. दोघी पायवाटेनं उतरू लागल्या.